गोष्टींच्या तासाचा हिवाळा

दिवाळी सरली की आमच्या जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या कडा पांढऱ्या दिसू लागतात. कापसानं गच्च भरलेल्या गाड्या सरकी काढायला जिनकडे निघतात आणि वाटेवरच्या बाभळी आपापला हिस्सा काढून घेतात. काट्याकाट्याला एकेक पुंजका. पूर्वी बैलांच्या बंड्या होत्या, आता ट्रॅक्टर आणि ट्रक आहेत. बाभळींना त्याचं काही नाही. सकाळची हवा कोरडी असते, ओठ फुटतात, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या असतात आणि दुपारी तीनच्या सुमाराला उन्हाला एक पिवळट मऊपणा येतो. माणसांना हा ऋतू आवडतो. मलाही आवडायचा, विसाव्या वर्षापर्यंत.

परवा रविवारी माझी नातसून तिच्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन निघाली होती. इथं यवतमाळला एका वाचनालयात दर रविवारी लहान मुलांना गोष्टी सांगतात, चित्रांची पुस्तकं दाखवतात. आईबापांनीही सोबत बसायचं असतं. पणतू नवा स्वेटर घालून दारात नाचत होता. मी विचारलं, "त्याला खोकला आहे का?"

"नाही आजी, ठणठणीत आहे."

"रात्री खोकला होता का?"

"नाही हो."

"नक्की ना?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर तिच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. ती मुलाला घेऊन गेली. तिचं चुकलं नाही. मी असं का विचारते हे या घरात कुणालाच माहीत नाही. ते दोघं गेल्यावर मी खिडकीशी बसले, आणि बसल्या जागी साठ वर्षं मागे गेले.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. यवतमाळहून आर्णीकडे जाताना लागणारं आमचं गाव. धड खेडं नाही, धड शहर नाही. एक जिन, एक शाळा, रविवारचा बाजार आणि बाजाराच्या टोकाला कौलारू वाचनालय. वाचनालयात दोन वर्तमानपत्रं यायची आणि तीन कपाटं होती. येणारे सगळे पुरुष. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. आई-वडील गेलेले, मी मोठ्या भावाकडं, दादाकडं राहत होते. दादा माझ्यासाठी स्थळं पाहत होता. तोवर मी वहिनीला मदत करायची आणि त्यांच्या चार वर्षांच्या मुलीला, शशीला सांभाळायची.

वाचनालयाचे चिटणीस बापूसाहेब म्हणजे आमच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. पावसाळ्यात ते यवतमाळला चार खेपा घालून एक लाकडी पेटी घेऊन आले. समाजशिक्षणाच्या योजनेतली लहान मुलांच्या पुस्तकांची फिरती पेटी. ती वर्षभर आमच्या गावात राहणार होती, पण एका अटीवर: आठवड्यातून एक दिवस शाळेत न जाणाऱ्या लहान मुलांना आणि त्यांच्या आयांना बोलावून वाचून दाखवायचं. यवतमाळचे साहेब येऊन पाहतील. माणसं नसतील तर पेटी दुसऱ्या गावाला जाईल.

"कमल, हे तुझं काम," बापूसाहेब म्हणाले. "बाया पुरुषासमोर बसायच्या नाहीत. तुझा आवाज चांगला आहे, अक्षर चांगलं आहे. हजेरीची वही ठेव."

घराबाहेर कुणीतरी मला काम दिलं असं ते पहिल्यांदाच घडलं होतं.

पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा आणि खळीचा वास यायचा. आतली पुस्तकं मोठी, रंगीत, थोड्या पानांची. मी सतरंजी अंथरायचे, पुस्तक सगळ्यांकडं वळवून धरायचे आणि मान वाकडी करून वाचायचे. पहिले दोन महिने गावातल्या पाचसात आया आल्या. मग कापूस फुटला. ज्यांची शेतं होती त्या शेतावर देखरेखीला जाऊ लागल्या, ज्यांची नव्हती त्या वेचायला. एका रविवारी सकाळी सतरंजीवर मी आणि शशी दोघीच होतो. शशीनं सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाली, "आत्या, आता घरी जाऊ."

पेटी जाणार या धास्तीनं मला तो आठवडा जेवण गेलं नाही. मग सुचलं, तास दुपारी घ्यावा. रविवारी बाजार. त्या दिवशी दुपारनंतर वेचणी बंद असते. गावाबाहेरच्या तांड्यावरच्या बंजारा बाया बाजाराला येतात आणि लेकरांना कडेवर घेऊन उन्हात बसतात. मी बाजारात गेले. मिठाच्या दुकानासमोर एक बाई बसली होती. अंगावर आरशांची चोळी, काखेत सातआठ महिन्यांचं बाळ, शेजारी पाच वर्षांची मुलगी. मी म्हटलं, "बाई, वाचनालयात सावली आहे, पाणी आहे. लेकरांना गोष्ट सांगते. येता का?"

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय घेशीन?"

"काही नाही."

"फुकट गोष्ट कोन सांगते?" ती म्हणाली. पण उठली.

तिचं नाव गोमली. मुलीचं जमनी. पुढच्या रविवारी गोमलीबरोबर चार बाया आल्या, त्याच्या पुढच्या रविवारी नऊ. सतरंजी पुरेना म्हणून बापूसाहेबांनी घरची जाजमं आणली. त्यातल्या एकीनंही आधी पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. एक म्हातारी पुस्तक घ्यायच्या आधी हात पदराला पुसायची आणि परत देताना कपाळाला लावायची. एकजण पानाचा वास घ्यायची. मी वाचायचे, मग गोमली आपल्या बोलीत तेच सांगायची, कारण लहानग्यांना मराठी नीट कळत नसे. तिच्या सांगण्यात गोष्ट माझ्यापेक्षा दुप्पट लांब व्हायची आणि पोरं दुप्पट हसायची. ती त्यात काय घालते हे मला कधी कळलं नाही.

एका पुस्तकात समुद्राचं चित्र होतं. दोन्ही पानं भरून निळं पाणी आणि कोपऱ्यात एक होडी. जमनी पुढं सरकली, पाण्यावर बोट ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याशी थेट बोलली, "हे पानी कोनाचं हाय?"

"कुणाचंच नाही. समुद्र आहे तो."

तिनं आईकडं वळून "याडी" म्हणत काहीतरी पुटपुटलं. तांड्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. गोमली मला म्हणाली, "थे म्हणते, कोनाचंच नाई तं मंग भरू देत असतीन का कोनी?"

मी पण हसले. घरी जाताना मात्र हसू गेलं. आमच्या गावात सार्वजनिक विहीर होती आणि तिच्या काठावर तांड्याच्या बाया आपल्या घागरी ठेवून, कुणी ओंजळ ओतील का म्हणून उभ्या राहत. मी ते रोज पाहत होते. पाच वर्षांच्या मुलीनं विचारेपर्यंत मी ते पाहिलं नव्हतं.

बोरं पिकायला लागली तेव्हा साहेब येणार असल्याचं पत्र आलं. त्या रविवारच्या सकाळी वहिनी म्हणाली, "शशीले आज राहू द्या घरी. दोन दिवस झाले, जास्तच खोकून राह्यली."

शशी खोकत होती खरी. साधा नव्हता तो खोकला. एकदा सुरू झाला की थांबायचा नाही, डोळ्यांत पाणी यायचं आणि शेवटी ती श्वास आत ओढायची तेव्हा घशातून कोंबडं आरवल्यासारखा लांब आवाज यायचा. तो आवाज मी ऐकला होता. त्याचं नावही मला माहीत होतं. लहानपणी आमच्या शेजारच्या मुलाला डांग्या खोकला झाला होता आणि आईनं आम्हाला त्यांच्या अंगणात जायला बंदी केली होती.

पण तांडा येऊ लागल्यापासून गावातल्या एकाही आईनं येते म्हटलं नव्हतं. साहेबांना सतरंजीवर फक्त तांडा दिसला असता. ते चालणार नाही असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मलाच वाटलं. गावातलं निदान एक तरी मूल हवं, नीटनेटकं, वेणी घातलेलं, साहेबांनी नाव विचारलं तर शुद्ध उत्तर देणारं.

"थोडा वेळच बसेल," मी वहिनीला म्हटलं. "खडीसाखर देते तोंडात."

वहिनीनं शशीच्या गळ्याला मफलर गुंडाळला आणि पाठवलं.

साहेब आले, खुर्चीवर बसले, डोकी मोजली आणि खूश झाले. शशीनं आपलं नाव सांगितलं. मग ती खोकली, खूप खोकली. मी तिला पाणी पाजलं आणि साहेबांकडं पाहून हसले. ते म्हणाले, "थंडी फार आहे यंदा." गोष्ट चालू झाली. शशी गोमलीच्या शेजारी जाऊन बसली कारण तिला बाळ आवडायचं. तिच्या मुठीत बोरं होती. तिनं एक बोर अर्धं खाल्लं आणि उरलेलं बाळाच्या ओठाला लावलं. बाळानं ते चोखलं आणि आंबट लागलं म्हणून तोंड वाकडं केलं. सगळ्या हसल्या, साहेबही हसले. मी हसले की नाही ते मला आठवत नाही. मी ते पाहिलं एवढं आठवतं. उठून शशीला बाजूला केलं नाही, हे त्याहून जास्त आठवतं.

पेटी राहिली. बापूसाहेबांनी मला शाबासकी दिली. मला वाटलं, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

दहाबारा दिवसांत तांड्यावरची चार मुलं खोकू लागली. नंतर गावातली. शशी ज्यांच्या अंगणात खेळायची त्या घरांतली आधी, मग इतर. बापूसाहेबांचा तीन वर्षांचा नातू विनू इतका आजारी झाला की खोकताना निळा पडायचा. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर सायकलवरून घरोघर हिंडत होते. एके दिवशी ते वाचनालयात आले. बापूसाहेब होते, कार्यकारिणीतले आणखी दोघं होते आणि मी हजेरीची वही घेऊन उभी होते.

डॉक्टर म्हणाले, "हा एकमेकांजवळ बसल्यानं पसरतो. तुमच्या गोष्टीच्या तासाला सगळी मुलं एकत्र होती. पहिल्यांदा कोण खोकत होतं, आठवतं का?"

वही माझ्या छातीशी होती. मी म्हटलं, "लक्षात नाही."

मग सदस्यांपैकी एकजण म्हणाला, "कोन म्हणजे? तांड्यावरूनच आला असंन. थे लोक कुठंकुठं हिंडतात, काय काय घेऊन येतात."

दुसऱ्यानं मान हलवली. डॉक्टर म्हणाले, "तसं सांगता येत नाही," आणि सायकलवर बसून गेले. त्यांचं वाक्य त्यांच्याबरोबर गेलं. पहिल्याचं मागं राहिलं.

मी बोलायला तोंड उघडलं असतं तर किती वेळ लागला असता? चार शब्द. आमच्या शशीला आधी झाला. पण दादानं त्या आठवड्यात दारव्ह्याचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. गावात कुजबुज झाली असती. आणि त्याहून खरं सांगायचं तर, मला कुणी वाईट म्हणावं असं वाटत नव्हतं. वीस वर्षांच्या मुलीला तेवढं कारण पुरतं, हे मला तेव्हा कळलं.

दोन दिवसांनी कार्यकारिणीनं ठरवलं की तांड्यावरच्या बायामुलांना वाचनालयात प्रवेश बंद करायचा. दारावर सूचना लावायची. बापूसाहेबांनी विनूच्या उशाशी बसून थकलेले डोळे माझ्याकडं वळवले आणि म्हणाले, "तूच लिही. तुझं अक्षर सुवाच्य आहे."

मी लिहिली. पट्टीनं रेघा आखून, टाक बुडवून, शीर्षकाखाली दुहेरी रेघ मारून. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

रविवारी गोमली आली. तिच्याबरोबर दोघीच होत्या. बाळ पदराखाली होतं आणि मला पदराखालून तो आवाज ऐकू आला, बारीक, मांजराच्या पिल्लासारखा. एवढ्याशा छातीत लांब श्वास ओढायला जागा नसते. जमनी दारावरच्या कागदाकडं बघत होती.

"काय लिव्हलं व बाई?" गोमलीनं विचारलं.

"तास बंद आहे," मी म्हटलं. "सगळ्यांसाठीच बंद आहे. साथ आहे ना."

"बरं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "याले काय द्याव? गुळवेल देली, काई फरक नाई."

मी दवाखान्यात जायला सांगितलं. ती गेली होती, पुन्हा जाईन म्हणाली. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि बाजारातल्या गर्दीत शिरली. तिच्या ओढणीवरचे आरसे उन्हात दोनतीनदा चमकले. मी दार लावून घेतलं.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी बाळ गेलं. मला ते तिळगुळासाठी तीळ घेताना दुकानात कळलं. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाईकाला सांगत होता, तीळ तोलता तोलता, तांड्यावर एक लेकरू गेलं म्हणून. कोणाचं, मी विचारलं. त्यानं नाव सांगितलं.

शशी बरी झाली होती. विनू बरा होत होता. गावात तेवढ्या एका घरी पाळणा रिकामा झाला आणि दोष त्याच घराच्या माथी होता.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. काही झालंच नाही. मी पाणी भरलं, भाकरी थापल्या, शशीची वेणी घातली. शशी गळ्यात पडली की माझं अंग आखडायचं आणि मग तिचीच दया यायची. शेवटी एका सकाळी मी चप्पल घातली आणि गोमली जिथं वेचायला जाते त्या शेताची वाट धरली. कपाशीच्या पऱ्हाटीचा तो शेवटचा वेचा होता. पानं गळून गेलेली, तांबूस काड्या, टोकाला उरलंसुरलं बोंड. दहाबारा बाया ओळीनं पुढं सरकत होत्या, कमरेला ओटी बांधून. गोमली कडेला होती. तिच्या काखेत आता काही नव्हतं म्हणून तिचे दोन्ही हात झपाझप चालत होते.

मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. "गोमली, मला तुला सांगायचं आहे."

"सांग," ती म्हणाली. "पण हात चालू ठेव. मुकादम पायते."

मी तिच्या शेजारच्या ओळीत उभी राहून वेचायला लागले. मला येत नव्हतं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांत शिरत होती, अर्धा कापूस बोंडातच राहत होता. वेचत वेचत मी सांगितलं. शशीला आधी झाला. मला कळलं होतं. साहेब येणार म्हणून मी तिला बसवलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. कागद मी लिहिला.

ती पुढं सरकली, मीही सरकले. मूठभर कापूस ओटीत टाकून ती म्हणाली, "मले ठाऊक हाय."

"काय?"

"मी तिथंच बसली व्हती ना. तुह्या भावाची पोट्टी माह्या मांडीजवळ खोकली. मले का कान नाईत? कागदावर काय हाय थे बी बाजारातल्या एकानं वाचून देल्लं, त्याच दिवशी."

"मग तू बोलली का नाहीस?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात. मी एक गोष्ट फार चुकीची विचारली आहे आणि ती समजावून सांगायलाही तिच्याकडं वेळ नाही, असं काहीतरी होतं.

"कोनाले बोलू?" ती म्हणाली. "आन् तू मले कायले सांगून राह्यली? मले तं ठाऊक हाय. ज्याईले ठाऊक नाई, त्याईले सांग."

एवढं बोलून ती पुढच्या झाडाकडं वळली. माझ्या ओंजळीत जमलेला कापूस मी तिच्या ओटीत टाकायला गेले. तिनं ओटी बाजूला केली नाही, पुढंही केली नाही. मी तो टाकला आणि धुऱ्याच्या बांधावरून परत आले. बोटांतून रक्त येत होतं. ते पाहून मला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी कार्यकारिणीची सभा होती. मी आत गेले तेव्हा कुणीतरी म्हणालं, "काय पाहिजे, कमल?" मी उभी राहूनच सांगितलं. शेतात सांगितलं त्याच क्रमानं.

एक सदस्य म्हणाला, "जाऊ दे आता. झालं थे झालं. सभेच्या वहीत लिहू नका." दुसरा खिडकीबाहेर पाहू लागला. बापूसाहेब मात्र उठले, दाराशी गेले आणि चारही कोपऱ्यांच्या टाचण्या नखानं सोडवत तो कागद काढला. कागद फाटला नाही. त्यांनी त्याची नीट घडी घातली. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मी त्या दिवशी तुझ्या हातातली वही मागून एकेका मुलाची चौकशी करू शकलो असतो. मागितली नाही. विनूच्या आजाराचा दोष द्यायला तांड्याचं नाव मला आयतं मिळालं होतं."

मी वही उघडून त्या रविवारच्या पानावर शशीच्या नावापुढं लिहिलं: खोकला होता, मी बसवलं.

घरी गेले तोवर बातमी माझ्या आधी पोहोचली होती. दादा पुढं महिनाभर माझ्याशी बोलला नाही. दारव्ह्याचं स्थळ मोडलं. ते मला फारसं लागलं नाही. लागलं ते वहिनीचं. ती चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "तुमी चांगलंच केलं असंन. पण माह्या पोरीचं नाव काहून घेतलं? तुमचं एकटीचं नाव पुरत नव्हतं का?"

मी म्हटलं, "वहिनी, मी माझंच नाव घेतलं."

"लोकाईनं कोनाचं धरलं?"

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशीपासून बाया विहिरीवर शशीला पाहून आपली मुलं ओढून घेऊ लागल्या. चार वर्षांची पोर, बरी होऊन महिना झालेली, आणि तिच्यापुढून मुलं उचलली जात होती. तिनं मला विचारलं, "आत्या, माझं काय चुकलं?" खरं सांगणं हे स्वच्छ पाण्यासारखं असतं असं मी तोवर समजत होते, ओतलं की सगळं धुऊन निघेल. तसं नसतं. तेही वाटेतल्या कुणावर तरी सांडतंच. वेळेवर सांगितलेलं खरं बहुधा कमी सांडतं. मी ते उशिरा सांगितलं होतं, त्यामुळं त्याचा भार शशीनं, जमनीनं आणि बाळानं वाहिला होता, बाळानं तर जीव देऊन.

आज शशी साठीच्या पुढची आहे. तिला यातलं काही आठवत नाही. तिला बोरं आवडतात. तिनं आणून दिली तर मी ठेवून घेते, खात नाही.

कागद काढल्यानंतरच्या रविवारी मी सतरंजी अंथरली. गावातून कुणी येणार नाही हे ठाऊकच होतं. बापूसाहेब टेबलाशी वर्तमानपत्र धरून बसले होते. पान उलटल्याचा आवाज काही येत नव्हता. बाहेर बाजाराचा गलका. चार वाजले. साडेचार वाजले. सतरंजीची घडी घालावी म्हणून मी उठले, तेव्हा दारात सावल्या पडल्या. तांड्यावरच्या तिघीजणी होत्या. त्यांच्यामागं पाचसहा पोरं. पुस्तक कपाळाला लावणारी म्हातारी पुढं होती आणि तिचं बोट धरून जमनी.

मी तिच्यामागं पाहिलं. म्हातारीच्या लक्षात आलं. "थे नाई येत," ती म्हणाली. "पोट्टीले घेऊन जा म्हणे."

त्या बसल्या. जमनी पूर्वी माझ्या गुडघ्याला टेकून बसायची. त्या दिवशी दाराजवळ बसली. तिच्या केसांना तेल लावलेलं होतं, घट्ट वेणी घातली होती, डोळ्यांत काजळ होतं. मी पुस्तक उघडलं आणि नुसतीच पानं उलटत राहिले. पोरं वाट पाहत होती.

"सांग ना व बाई," म्हातारी म्हणाली. "आमाले परत जाऊन चुली पेटवा लागतात."

मी सांगू लागले. त्यांच्या बोलीत सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून लहानग्यांना निम्मं कळलं नाही. मधेच जमनीनं तिच्या शेजारच्या पोराच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूहळू त्याला समजावून सांगू लागली. मी थांबायचे, ती सांगायची, मग मी पुढं जायचे.

उन्हाळ्यात पेटी परत गेली, आणि पुढच्या वर्षी लग्न होऊन मीही त्या गावातून गेले. गोमली वाचनालयात पुन्हा कधीच आली नाही. बाजारात दिसायची. मला पाहायची, मान फिरवायची नाही, बोलायचीही नाही. मीठ घ्यायची आणि चालू लागायची. तिनं मला माफ केलं असं मी कधी मनाला समजावलं नाही, आजही समजावत नाही. तिनं मुलीला पाठवलं. पेटी होती तोवर दर रविवारी, केसांना तेल लावून, वेणी घालून पाठवलं.